व्यंकटी आधी बसतो

माणसानं किती काम केलं हे मी खड्ड्यावरून मोजत आलो. छत्तीस वर्षं नांदेडात पाणीपुरवठ्याच्या गँगमध्ये होतो. एका माणसानं दिवसात तीन फूट खोल चारी किती लांब काढली, ते टेप लावला की कळतं. तिथं गप्पा चालत नाहीत. व्यंकटी मिस्त्री माणूस म्हणून मला पहिल्या दिवशी पटला. मिस्त्री म्हणून पटायला मात्र त्यामुळेच बारा वर्षं लागली.

व्यंकटी मूळचा देगलूरकडचा. आता साठीला आलाय. अंगानं वाळका, उंच, चालताना जरा पुढं वाकलेला. खिशात टेस्टर आणि बडीशेपेची पुडी. सायकलच्या कॅरियरला पत्र्याची पेटी. सातवी शिकला आणि मोटारी भरायच्या दुकानात लागला. तिथं जळालेल्या मोटारींची तार काढून नवी भरता भरता वीस वर्षं गेली. मग स्वतःचं काम सुरू केलं. कूलर, पंखा, गिझर, पाण्याची मोटार, गळका नळ, घरातलं जे बिघडेल ते तो बघतो.

आजोळ तेलंगणातलं, म्हणून बोलण्यात तेलुगू येते. त्यातला एक शब्द आमच्या सगळ्या गल्लीला पाठ झालाय, "उंडू". म्हणजे थांब. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की उंडू. स्क्रू फिरत नसला की स्क्रूलाही उंडू. त्याची बायको दानम्मा भाजीच्या गाड्यावर भेटली तेव्हा मी विचारलं, घरीपण असंच का. ती म्हणाली, "लग्नात अंतरपाट धरला, तवाबी भटजीला उंडू म्हणले. मांडवात उघडी वायर दिसली व्हती. ती बांधून आले, मग अक्षता पडल्या."

त्याची कामाची रीत अशी. घरात गेला की पेटी उघडत नाही. बिघडलेल्या वस्तूसमोर मांडी घालून बसतो. बघत राहतो. अर्धा तास, कधी पाऊण तास. मधेच घरच्यांना भलतंच काहीतरी विचारतो. कपडे कधी धुता, गच्चीवर कोण झोपतं, पाहुणे कधी आले होते. लोकांना वाटतं, हा चहाची वाट बघून राहिला. चहा आला की पितो आणि बसूनच राहतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक वकील आहेत. त्यांच्या घरी तो असाच गिझरसमोर बसला. वकिलांनी वीस मिनिटं सोसलं, मग त्याला घालवून दुसरा मिस्त्री बोलावला. दुसऱ्यानं गिझर भिंतीवरून उतरवला, खोलला, तीन तास राबला, शर्ट पिळून घ्यावा इतका घामाघूम झाला. गिझर बंद होता तो बंदच राहिला. पण वकील गल्लीभर सांगत फिरले, पोरगा मेहनती आहे.

माझं मत वकिलांसारखंच होतं. ते या उन्हाळ्यात सरजाबाईंच्या कूलरनं बदललं.

सरजाबाई माझ्या मित्राची बायको. आनंदराज रेल्वेत फिटर होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. बाईंचं वय एकाहत्तर, घरात एकट्या. पोरगा अश्वजित पुण्याला, कॉम्प्युटरच्या कंपनीत, आठव्या मजल्यावर राहतो. तिथं त्या एकदाच गेल्या आणि अकरा दिवसांत परत आल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, सगळी दारं एकसारखी. तीनदा दुसऱ्याच्या घरात शिरले. तिसऱ्या घरानं तर जेवू घालूनच धाडलं."

इथं त्यांचं सगळं आहे. कोपऱ्यावर विहार, रविवारची वंदना, वंदनेनंतर पायरीवर दोन तास बोलणाऱ्या बाया. घर आनंदराजनं ओव्हरटाइम करून बांधलं. विटा मी वाहिल्यात, दोन हजार चारशे.

एप्रिलपासून त्यांचा कूलर चावायला लागला. चावायला हा शब्द त्यांचाच. लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, खिडकीला बाहेरून अंगणात लावलेला. पाणी भरायला गेल्या की झटका बसायचा. रोज नाही, कधीमधी. तीन मिस्त्री येऊन गेले. तिघंही आले त्या दिवशी कूलर गरीब गाईसारखा. तिघांनीही टेस्टर लावला, काही नाही म्हणाले, अर्थिंग कच्चं असेल म्हणाले आणि कूलरपासून नळाच्या पाइपापर्यंत आपापली एक वायर बांधून गेले. त्यांच्याआधी बांधलेली एक माझी होती. अशा चार झाल्या. पाइपाला राखी बांधल्यासारखं दिसायचं.

सरजाबाईंनी मग स्वतःचा इलाज केला. नवऱ्याचे रेल्वेचे गमबूट घालून, नऊवारीचा काष्टा वर खोचून, लाटण्यानं कूलरचं झाकण उचलायच्या. एका बुटाला खाली भोक होतं. मे महिन्यात एक दिवस झटका असा बसला की बादली एकीकडं, बाई एकीकडं. कोपर सोलपटलं. त्यांनी कूलर बंद केला आणि चव्वेचाळीस डिग्रीत ओलं लुगडं पांघरून बसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चक्कर आली.

अश्वजितला कळलं. फोनवर त्यानं सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं.

"आई, रविवारी सकाळी येतो. सोमवारची दोन तिकिटं काढलीत."

"मी न्हाई येत. कूलर नीट करून घेते."

"तीनदा नीट झाला."

"चौथ्यांदा करते."

"बरं. कूलर नीट झाला, आणि तो का चावत होता हे कुणी मला समजावून सांगितलं, तर राहा. नुसतं आता चावत नाही असं चालणार नाही."

पोरगं वाईट नाही. बोलला ते बरोबरच बोलला. फोन ठेवून सरजाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी मी व्यंकटीला घेऊन आलो, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आला. "जयभीम माय," म्हणाला. अंगणात कूलरसमोर बसला.

मी घड्याळ लावलं. दहा वाजून पाच मिनिटं. साडेदहाला त्यानं बडीशेप खाल्ली. पावणेअकराला मी म्हणालो, "व्यंकटी, टेस्टर तरी लाव."

"उंडू अप्पा. तीन जणांनी लावलाय. आज न्हाई चावायचा त्यो."

"आज नाही तर कधी?"

"त्येच बगून राहिलो."

मग सरजाबाईंना विचारलं, "माय, चावला त्यो दिवस ध्यानात हाय का?"

"हाय की. पोराला दाखवायचं म्हणून लिवून ठिवलंय." त्यांनी आतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.

उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी येतं. घरोघरी बाया कॅलेंडरवर खूण करतात, पाणी कधी आलं आणि आता कधी येणार. सरजाबाईंनी पाण्याच्या दिवसाला निळा गोल केला होता. कूलर चावला त्या दिवसाला लाल फुली. मी चष्मा लावून बघितलं. एकूण नऊ फुल्या. नऊच्या नऊ गोलाच्या आत.

मी म्हणालो, "त्यात काय विशेष? पाणी आलं की कूलर भरणार, पाणी सांडणार, ओल्यात झटका बसणार."

"माय, कूलर पाण्याच्या दिवशीच भरता का?"

"न्हाई वो. रोज भरते. बाकीचे दिवस ड्रममधलं पाणी घेते."

"रोज सांडतं?"

"ह्या वयात बादली उचलल्यावर सांडणार न्हाई का?"

व्यंकटी उठला. बसून झालं की तो असा उठतो की जणू काम संपलं. नळाच्या पाइपाजवळ गेला. तिथं दोन घरांची मिळून एकच भिंत आहे. पूर्वी प्लॉट एकच होता, मालकानं दोघांना अर्धा अर्धा विकला. नळाचा जोड एकच राहिला. रस्त्यावरून पाइप येतो, त्या भिंतीपाशी वर निघतो, लोखंडी आहे. तिथून एक फाटा सरजाबाईंच्या अंगणात, दुसरा भिंतीतून पलीकडं अण्णारावांच्या अंगणात.

व्यंकटीनं पाइपाच्या बुडाशी माती उकरली. वीतभर खाली लोखंड संपलं आणि काळं प्लास्टिक लागलं.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. आणि ते सांगताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. जमिनीतला लोखंडी पाइप गंजून चाळण झाला होता. गेल्या दिवाळीत मी एकट्यानं बावीस फूट चारी काढली, जुना पाइप उपटला, प्लास्टिकचा टाकला. एका थेंबाची गळती नाही. बासष्टाव्या वर्षी, दोन दिवसांत.

"काम लई छान हाय अप्पा," व्यंकटी म्हणाला.

"आहेच."

"म्हणूनच चावतो."

मग त्यानं मला समजावलं. तो बोलला ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण मला ते पहिल्या वेळेस कळलं. लोखंडी पाइप बावीस फूट मातीत होता तोवर कूलरमध्ये काही करंट उतरला तर वायरीतून पाइपात, पाइपातून मातीत जायचा. ते अर्थिंग खरं होतं. मी खालचं लोखंड काढलं, तेव्हा वरचा पाइप मातीपासून तुटला. नुसता भिंतीला लटकून राहिला. आता त्या पाइपात कुठून करंट आला तर त्याला खाली जायला वाट नाही. तो चार वायरींतून उलटा कूलरच्या पत्र्यात येतो आणि तिथं हात लावलेल्या माणसातून मातीत जातो.

"म्हंजे तिघांनी कूलरला अर्थिंग न्हाई दिलं," तो म्हणाला, "नळातला करंट कूलरला आणून दिला."

"पण नळात करंट येईल कुठून?"

व्यंकटी हातची माती झटकत उठला. भिंतीच्या पलीकडं बघत राहिला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढायला बंदी आहे. त्यामुळे आमच्या भागात एकाच्याही घरी मोटार नाही. पाणी आलं की सगळ्या गल्लीत भुंग्यासारखा आवाज होतो, पण मोटार नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी कितीतरी मोटारी जप्त केल्या. एकदा एक बाळंतिणीच्या खाटेखाली सापडली होती. त्यामुळे अजूनही गल्लीत माझ्यासमोर मोटार हा शब्द कोणी काढत नाही. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली.

आम्ही दोघं अण्णारावांकडं गेलो. अण्णाराव भोकरकडचे, गावाकडं चांगली बागायत, पोरांच्या शिक्षणासाठी इथं घर केलेलं. त्यांनी बायकोला, शिवकन्याताईंना, चहा टाकायला सांगितला. अंगणात नळापाशी एक मोठं टोपलं पालथं घातलेलं होतं. त्यावर एक घडी केलेलं पोतं, पोत्यावर तुळशीची कुंडी.

व्यंकटीनं विचारलं, "अण्णाराव, तुमच्याकडं मोटार हाय का?"

अण्णारावांनी माझ्याकडं बघितलं. "कसली मोटार?"

"पाण्याची."

"न्हाई बा. कायद्यात बसत न्हाई."

"टोपल्याखाली काय हाय?"

"कोंबडी."

"कुंडी ठिवून?"

"लई उडती."

चहा चांगला होता. पिऊन परत आलो. मी म्हणालो, उचललं असतं टोपलं. व्यंकटी म्हणाला, दुसऱ्याच्या घरातलं टोपलं मी उचलत नसतो, आणि आज उचलून फायदाबी न्हाई, पाणी रविवारी हाय. पण अण्णारावांच्या दारातून बाहेर पडताना तो हळू आवाजात म्हणाला ते मला आठवतं, "अप्पा, मोटारीची तार आतून ओली झालीया. आज चावती. पावसाळ्यापर्यंत अशीच राहिली तर माणसाला धरून ठिवील."

मग आम्ही दोघांनी काम वाटून घेतलं. म्हणजे त्यानं वाटलं. "खोदायचं तुमचं, बसायचं माझं."

शनिवारी सकाळी सहाला सुरुवात केली. अंगणाच्या कोपऱ्यात, नळापासून लांब, दीड फूट लांब-रुंद. पहिला फूटभर माती, पुढं मुरूम. तीन फुटांवर असा कडक लागला की पहार मारली की हातातून खांद्यापर्यंत कळ. व्यंकटी सावलीत बसून बघत होता. पाच फूट पाहिजे म्हणाला. साडेचार फुटांवर मी विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "माझ्या टेपात पाच म्हंजे पाच." हे मला आवडलं. सव्वाअकराला पाच फूट झाले. त्यात त्यानं तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थर देऊन भरलं, वर पाणी ओतायला पाइपाचा तुकडा ठेवला. सरजाबाईंनी बादली आणली खरी, पण ओतताना चेहरा असा की पोटचं पोर देऊन राहिल्यात. चार दिवसाआड येणारं पाणी जमिनीत ओतायचं म्हणजे आमच्याकडं सोपं नाही.

"किती दिवसांनी वतायचं?"

"उन्हाळ्यात आठ दिवसाला एक बादली, माय."

"अर्धी चालंल का?"

"उंडू. एक म्हणलं की एक."

नळावरच्या चारही वायरी त्यानं सोडल्या. माझी शेवटी सोडली आणि गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली. नवी वायर कूलरच्या पत्र्यापासून खड्ड्याला गेली.

रविवारी सकाळी अश्वजित आला. पाठीवर बॅग, चेहरा जागरणाचा. पाया पडला, खड्डा बघितला. त्याला भेटायचं म्हणून अण्णाराव वाटीभर दही घेऊन आले. नवाच्या सुमाराला नळाला पाणी आलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून घूंऽऽ आवाज सुरू झाला.

"कोंबडी," व्यंकटी मला म्हणाला.

त्यानं अंगणात पाणी शिंपडलं, अनवाणी ओल्यात उभा राहिला आणि तळहाताची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला लावली. मग पूर्ण हात ठेवला. मग सरजाबाईंनी ठेवला, बूट न घालता. कूलर चालू केला, बंद केला, पाणी भरलं. काही नाही.

अश्वजितनं पण हात लावून बघितला. "आज नाही चावला," तो म्हणाला. "मागचे तिघंही हेच म्हणाले होते. का चावत होता ते सांगा."

"नळाला हात लावू नका कुणी," व्यंकटी म्हणाला. त्यानं पेटीतून होल्डरला लावलेला एक छोटा बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी. एक त्यानं खड्ड्यातल्या पट्टीला लावली. दुसरीचं उघडं टोक पकडीत धरून नळाला टेकवलं.

बल्ब लागला. फार नाही, लालसर, देवघरातल्यासारखा. पण लागला.

अश्वजित गुडघ्यावर बसला. नळाकडं बघितलं, बल्बाकडं बघितलं. "नळात करंट आहे?"

"हाव."

"आणि चारही वायरी नळालाच होत्या." त्याला कळलं. इंजिनिअर आहे शेवटी. "पण नळात आला कुठून?"

सगळे अण्णारावांकडं बघायला लागले. ते दह्याच्या वाटीकडं बघायला लागले.

"माझ्याकडं मोटार न्हाई," अण्णाराव म्हणाले.

"बरं," व्यंकटी म्हणाला. "मोटार न्हाई तर करंट तुमचा न्हाई. मग तुम्हाला कशाचं भ्या? धरा नळ."

अण्णारावांनी वाटी सरजाबाईंच्या हातात दिली. मर्दासारखे पुढं आले. ओल्या अंगणात त्यांच्या पायात चप्पल नव्हती, दाराशी काढली होती. हात नळाकडं गेला. वीतभर राहिला तिथं थांबला. बल्ब लाल दिसत होता.

"गुरुपादप्पा," ते मला म्हणाले, "तुम्ही रिटायर झालात ना?"

"चार वर्षं झाली."

"पक्कं?"

"पेन्शन घेतो."

अण्णारावांनी हात मागं घेतला. "मग हाय मोटार."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शिवकन्याताईंचा आवाज आला, "अहो, टाकी भरली. मोटार बंद करू का? का अप्पा तिथंच हायत?"

"कर बंद," अण्णाराव म्हणाले. "अप्पा रिटायर झाले."

घूं थांबलं आणि बल्ब विझला. अश्वजितनं ते दोनदा करून घेतलं. मोटार चालू, बल्ब चालू. मोटार बंद, बल्ब बंद. तिसऱ्या वेळेला अण्णारावच म्हणाले, आता बस करा, तिकडं टाकी वाहून राहिली.

पुढचं काम तासाभराचं होतं. व्यंकटीनं टोपल्याखालची मोटार सोडली, भरायला न्यायची म्हणून बाजूला ठेवली. परत बसवताना तिच्या अंगालाही याच खड्ड्यातून वायर द्यायची, असं ठरलं. अण्णारावांनी खड्ड्यात आठ दिवसाला अर्धी बादली पाणी आपल्या घरून द्यायचं कबूल केलं. मी सांगितलं, पाऊण. कारण करंट त्यांचा होता. शेवटी पाऊणवर आलं.

तोपर्यंत सरजाबाईंनी कूलरसमोर चटई टाकली होती. अश्वजित तिच्यावर बसला, आडवा झाला, आणि थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाला, "तरी आई, तू एकटी असतेस."

"तू काय म्हणला व्हतास फोनवर? नीट झाला, आणि का चावत व्हता ते कुणी सांगितलं तर राहा. नीट झाला का?"

"झाला."

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग काढ त्यो मोबाइल."

अश्वजित उठून बसला. बराच वेळ बोटं फिरवत राहिला. सरजाबाई त्याच्या खांद्यामागं उभ्या राहून बघत होत्या. झालं म्हणाला, तर त्यांनी नाव वाचून दाखवायला लावलं, नेमकं कुणाचं रद्द झालं ते.

"सरजाबाई आनंदराज," त्यानं वाचलं.

"आणि तुझं?"

"माझं आहे. उद्या दुपारचं."

"चुकून ते तर गेलं न्हाई ना?"

"नाही, आई."

"मग जेवायला बस," त्या म्हणाल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या.